विटांच्या भिंतीला चुन्याचा हात

नाशकात पाऊस उघडला, की नवरात्र ते दिवाळी हा भिंतींना चुना द्यायला उत्तम काळ. आधी विटांवर पाणी शिंपडून बघा. शोषलं तर चुना धरेल. थेंब ओघळले तर वर जुना रंग किंवा सीलर (पाणी अडवणारा लेप) आहे, तो खरवडल्याशिवाय खर्च करू नका. शेवाळ ब्रशने घासून काढा. लोणा (भिंतीवर येणारा पांढरा क्षार) फुटला असेल तर आधी ओल कुठून येते ते शोधा.

कळीचा चुना (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात विरवताना पाणी उकळतं, म्हणून लोखंडी पिंप घ्या, प्लॅस्टिकचं नको. चुना पाण्यात घाला, चुन्यावर पाणी ओतू नका. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच. रात्रभर मुरवून गाळा. दाटपणा दुधाइतकाच, घट्ट लावलात तर पोपडे धरतात, आणि नेमकी हीच चूक सगळे करतात.

भिंत ओली करून, ऊन कलल्यावर कुंचला मारा. लावताना काहीच दिसत नाही, वीट तशीच लाल! घाबरून लगेच दुसरा थर चढवू नका. वाळला की पांढरा उमटतो. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. पांढरा नको असेल तर गेरू किंवा पिवडी (पिवळी माती) मिसळा.