उंच काठाच्या होडीला शिडी: माझा अनुभव

मालवणात आमची फायबरची होडी आहे, पर्यटकांना स्नॉर्कलिंगला (तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर तरंगत समुद्रातलं बघायला) नेतो. रिकामी असली की काठ पाण्यापासून साडेतीन फूट वर. आधी दोरशिडी लावायचो. पहिल्या पायरीवर वजन पडलं की शिडी होडीच्या पोटाखाली सरकायची, पाय आत आणि पाठ मागे. एकदा एका काकूंना आम्ही दोघांनी काखेत धरून वर ओढलं. त्यांच्या कोपराला रक्त आलं, ते बघून मला फार वाईट वाटलं.

मग वेल्डरकडून ३१६ ग्रेडच्या (खाऱ्या पाण्यात सहजी न गंजणाऱ्या) स्टेनलेस स्टीलची, काठावर अडकणारी शिडी करून घेतली. माप रिकाम्या होडीवर घेतलं, कारण तेव्हाच काठ सर्वांत उंच असतो. तीन पायऱ्या पाण्याखाली राहतील एवढी लांबी ठेवली. खरा फरक तिथेच पडला: दमलेला माणूस गुडघा फार न उचलता पहिली पायरी गाठतो. पायऱ्या गोल नळीच्या नकोत, अनवाणी तळव्याला रुततात; चपट्या, रुंद केल्या. खाली दोन आडवे टेकू, टोकांना रबर, म्हणजे शिडी होडीपासून वीतभर लांब राहते. वरचे दांडे काठाच्या वर हातभर काढले, आत उतरताना धरायला.

शिडी इंजिनापासून लांब, मधल्या बाजूला लावतो. माणूस पाण्यात असेपर्यंत इंजिन बंदच.