स्पॅनिशमध्ये अडलात तर अकादमीला कसं विचाराल

स्पॅनिश शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच महिन्यात एक सवय लावते: शंका आली की आधी अकादमीचा कोश उघडायचा, मग मला फोन करायचा. माझं मूळ काम भाषांतराचं. औषधांची माहितीपत्रकं, यंत्रांची मॅन्युअलं असं सगळं हाताखालून जातं, आणि सुट्टीच्या दिवशी पार्ल्यात वर्ग असतो. वर्गातली बरीच मुलं मालाड-ऐरोलीच्या ऑफिसांत स्पॅनिश प्रोसेसवर आहेत, नाहीतर तिथं लागायच्या प्रयत्नात आहेत. ग्राहक मेक्सिकोतले, कोलंबियातले, क्वचित स्पेनचे. रात्रपाळीत, समोर चॅट उघडी असताना, कुठला शब्द चालेल हे त्यांना झटक्यात ठरवावं लागतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

अकादमी म्हणजे माद्रिदची रेआल अकादेमिया एस्पान्योला. स्पॅनिश माणसं तिला नुसतं 'ला राए' म्हणतात. विलेनाचे मार्केस हुआन मान्वेल फर्नांदेस पाचेको यांनी १७१३ मध्ये ती सुरू केली आणि पुढच्या वर्षी राजा पाचव्या फेलिपेने तिला मान्यता दिली. तिचं ब्रीद आहे: स्वच्छ करते, स्थिर करते, झळाळी देते. हे ऐकून मुलांना वाटतं, अकादमी म्हणजे छडी घेऊन उभे असलेले मास्तर. तसं नाही. चुकीचं लिहिलं म्हणून ती कुणाला दंड करू शकत नाही. १८४४ मध्ये राणी दुसऱ्या इसाबेलच्या काळात शाळांत अकादमीचंच शुद्धलेखन सक्तीचं झालं, त्यामुळे तिच्या नियमांना बळ आलं हे खरं. पण चिली १९२७ पर्यंत आपल्या वेगळ्या पद्धतीने लिहीत होता, आणि अकादमीला ते बघत बसावं लागलं. आज तिचा शब्द चालतो, कारण लोक तो मानतात.

आणि आता ती एकटी नाही. १९५१ मध्ये मेक्सिकोत स्पॅनिशच्या अकादम्यांची परिषद भरली आणि तिच्यातून त्यांचा संघ झाला. अमेरिका खंडातले देश, फिलिपिन्स, आफ्रिकेतला विषुववृत्तीय गिनी धरून त्यात २३ अकादम्या आहेत. मोठे ग्रंथ सगळ्यांच्या संमतीने निघतात. मेक्सिकोच्या ग्राहकाशी बोलणाऱ्या मुंबईच्या मुलीने माद्रिदचं का ऐकावं, याचं उत्तर इथं आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. अकादमीची रोज लागणारी साधनं चार प्रकारची आहेत आणि प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारायचा असतो. बहुतेकांचा गोंधळ इथंच होतो: सगळे प्रश्न ते एकट्या शब्दकोशाला विचारतात.

शब्दकोश सांगतो की अमुक शब्द आहे, होता, कुठे आहे आणि कुठल्या अर्थाने. त्याची २३ वी आवृत्ती २०१४ मध्ये आली, ९३,१११ नोंदींची. ती संकेतस्थळावर फुकट बघता येते आणि साधारण दरवर्षी तिच्यात भर पडते. २०२३ च्या भरीपासून समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दही मिळू लागले. क्रियापदाच्या नोंदीत रूपं दाखवणारं बटण आहे, परीक्षेच्या आधी तेवढं एक पुरतं.

पण नोंद वाचायची कशी ते शिकून घ्या. शोधचौकटीत 'ग्वाग्वा' टाका. दोन नोंदी येतील, शब्दाच्या डोक्यावर बारीक १ आणि २. पहिल्या नोंदीत बस हा अर्थ आहे आणि त्याच्या आधी कॅनरी बेटं, क्यूबा, डोमिनिकन रिपब्लिक, प्वेर्तो रिको यांच्या नावांचे संक्षेप. दुसऱ्या नोंदीत, हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या केचुआ भाषेतून आला असं कंसात दिलेलं आहे, मग चिली, पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर वगैरे, आणि अर्थ: तान्हं बाळ. चिलीच्या ग्राहकाला बससाठी हा शब्द लिहिलात तर तो बाळाचा विचार करील. 'कोहेर'चंही तसंच. स्पेनमध्ये बस पकडायची असो की फोन उचलायचा असो, हेच क्रियापद. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात त्याचा अर्थ अश्लील आहे. कोशात तो अर्थ खूप खाली आहे, असभ्य असल्याची खूण आणि देशांची नावं जोडून. म्हणून नोंद शेवटपर्यंत वाचा. पहिल्या अर्थावर थांबणाऱ्या माणसाला हा कोश अर्धाच कळतो. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश चाळलेल्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. तिथंही वऱ्हाडी, गोव्याकडचा, कोकणातला अशा खुणा शब्दापाशी असतात.

कोशात सापडला म्हणजे शब्द वापरायला मोकळा, असं धरू नका. 'अल्मोंदिगा' कोशात आहे. खिम्याच्या गोळ्याला आज 'अल्बोंदिगा' म्हणतात, आणि 'अल्मोंदिगा'पुढे तो मागे पडल्याची आणि अडाणी वळणाचा असल्याची खूण आहे. मग ठेवला का? कारण जुनं पुस्तक वाचणाऱ्याला तो भेटतो. अकादमीचा पहिला कोश १७२६ ते १७३९ या काळात सहा खंडांत निघाला, शब्दांपुढे लेखकांची अवतरणं देऊन. तेव्हापासूनचा साठा ती सहजासहजी टाकत नाही. जपणं आणि सुचवणं ही दोन्ही कामं एकाच पानावर चालतात आणि दोन्हींमधला फरक त्या बारीक खुणांत असतो. मला या संस्थेचं सगळ्यात जास्त कौतुक आहे ते याचं.

आणखी एक खूण: तिरप्या अक्षरातले शब्द. 'पिझ्झा', 'सॉफ्टवेअर', 'मार्केटिंग' कोशात तिरपे दिसतात. म्हणजे ते परके शब्द मूळ स्पेलिंगसकट घेतलेत. मजकुरात लिहितानाही तिरपेच लिहा.

वाक्य कसं करायचं हा प्रश्न असेल तर २००५ मध्ये निघालेला शंकांचा कोश उघडा. तो सगळ्या अकादम्यांनी मिळून केला आहे. तिथं चुकीच्या रूपाआधी गोलातली फुली असते, ती दिसली की ते रूप सोडून द्यायचं. आपल्या मराठी मुलांनी 'आबेर' या क्रियापदाची नोंद जरूर वाचावी. आपण 'खूप ग्राहक होते' म्हणतो, क्रियापद अनेकवचनी. तसंच मनात धरून मुलं 'आबिआन मुचोस क्लिएन्तेस' लिहितात. स्पॅनिशमध्ये 'असणे' या अर्थी ते एकवचनीच राहतं: 'आबिआ मुचोस क्लिएन्तेस'. ही चूक कितीतरी स्पॅनिशभाषकही करतात, म्हणून नोंदीत तिच्यावर बरंच विवेचन आहे. वर्गात मी ते मोठ्याने वाचून घेते.

लिहायचं कसं, हा प्रश्न असेल तर २०१० चं शुद्धलेखन. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जुना स्पॅनिश कोश आणला असेल तर आधी त्याचं साल बघा. १९९४ पर्यंत 'सीएच' आणि दोन 'एल' ही स्वतंत्र अक्षरं म्हणून लावली जात, त्यामुळे 'चोकोलाते' हा शब्द 'सी'च्या भागात शोधून मिळणार नाही, तो 'सी' संपल्यावर वेगळ्या भागात आहे. २०१० मध्ये ती दोन्ही वर्णमालेतूनच गेली आणि अक्षरं २७ उरली. प्रश्नाच्या सुरुवातीचं उलटं प्रश्नचिन्ह १७५४ पासूनचं आहे. चॅटमध्ये सगळे गाळतात म्हणून ऑफिसच्या मेलमध्ये गाळू नका. स्वरावरची तिरकी रेघ, म्हणजे तिल्दे, मोठ्या अक्षरांवरही द्यायची असते. आकड्यांत जपून राहा: स्पॅनिश 'बियोन' म्हणजे आपले एक लाख कोटी, अमेरिकी बिलियन नव्हे. एका शून्याचीही नाही, तीन शून्यांची चूक होते.

'सोलो'चा वाद माहीत असू द्या. 'फक्त' या अर्थी त्यावर तिल्दे द्यायची जुनी रीत होती. २०१० मध्ये अकादमीने ती अनावश्यक ठरवली, आणि अकादमीतल्याच काही लेखकांनी ऐकलं नाही. मार्च २०२३ मध्ये स्पष्टीकरण आलं: जिथं अर्थाचा घोटाळा होत नाही तिथं द्यायची नाही, जिथं लिहिणाऱ्याला घोटाळा वाटेल तिथं त्याची मर्जी. नवशिक्यांनी सरसकट न देता लिहावं.

चौथं साधन कमी लोक वापरतात आणि मला ते सगळ्यात उपयोगाचं वाटतं: भाषासंग्रह. 'कोर्पेस' या नावाच्या संग्रहात २००१ पासूनचे लेखी आणि बोली नमुने आहेत, साधारण ३० टक्के स्पेनचे, ७० टक्के अमेरिका खंडातले. शब्द टाका, देश निवडा, खरी वाक्यं समोर येतात. 'ओर्देनादोर' आणि 'कोम्पुतादोरा' दोन्ही टाकून बघा. पहिला स्पेनचा, दुसरा पलीकडचा हे लगेच कळेल. ग्राहक कुठला ते ठाऊक असेल तर निवड तिथंच होते.

शब्द कोशात शिरतो तो याच वाटेने. बाहेरचा माणूसही प्रस्ताव पाठवू शकतो. कोशकार संग्रहात पुरावा शोधतात, अकादमीच्या समित्या चर्चा करतात, अमेरिका खंडातल्या अकादम्यांचं मत घेतात. सभासदांच्या ४६ जागा आहेत, प्रत्येकीला एकेक अक्षर, काहींना मोठं, काहींना छोटं. त्यांची बैठक गुरुवारी भरते. एवढं करूनही लोक ऐकतीलच असं नसतं. व्हिस्कीसाठी 'ग्विस्की' हे स्पॅनिश वळणाचं रूप अकादमीने कोशात घातलं, पण बाटलीवर आणि बारमध्ये इंग्रजी स्पेलिंगच राहिलं. तुम्हीही तिथं लोकांचं बघा.

चारही ठिकाणी उत्तर नाही मिळालं तर थेट विचारा. संकेतस्थळावर शंकेचा अर्ज आहे, तो स्पॅनिशमध्येच भरायचा. नुसता शब्द देऊ नका. पूर्ण वाक्य द्या, कुठल्या देशासाठी ते लिहा, आणि कुठली नोंद बघूनही अडलंय ते सांगा. बातम्यांतल्या ताज्या शब्दांसाठी फुंदेउराए ही अकादमीशी जोडलेली संस्था आहे, तिच्या शिफारशी रोज येतात.

मिळालेलं उत्तर तारखेसकट भाषांतराच्या फाइलीत नोंदवून ठेवा, कारण पुढच्या भरीत ते बदलू शकतं. ग्राहकाची स्वतःची शैलीपुस्तिका असेल तर ती पाळा, अकादमीचं म्हणणं वेगळं असेल तर शेजारी एका ओळीची टीप द्या आणि निर्णय त्याच्यावर सोडा.