मुलाच्या पेट-सीटीची तयारी: आधी ड्रिपची बाटली बघा

रक्तात स्टॅफिलोकॉकस (पू करणारा जिवाणू) वाढलाय, योग्य अँटिबायोटिक चालू असूनही ताप उतरत नाही, पू कुठे कुठे साठलाय हे सोनोग्राफीत सापडत नाही. अशा मुलाला एफडीजी पेट-सीटी सांगितलं जातं: एफडीजी म्हणजे किरणोत्सारी ग्लुकोज, ते शिरेत टोचतात आणि जिथे ते जास्त साठतं ती जागा चित्रात चमकते. संमतीपत्र, जुने रिपोर्ट वगैरे सांगायला नको. वजन मात्र आजचंच घ्या, डोस किलोवर ठरतो.

आता ग्लुकोज. इंजेक्शनच्या आधी किमान 4 तास मुलाच्या अंगात साखर जाता कामा नये, तोंडावाटे नाही आणि शिरेतूनही नाही. तोंडाचं सगळे सांभाळतात, घोळ शिरेत होतो. फाइलवर एनपीओ (तोंडाने काही नाही) लिहिलं की रात्रपाळीत आपोआप ड्रिप लागते, आणि मुलांच्या वॉर्डात ती बहुतेक वेळा आयसोलाइट-पी असते. त्यात 5 टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजच). म्हणजे मूल तोंडाने उपाशी आणि शिरेतून रात्रभर जेवतंय. इन्सुलिन वाढतं, एफडीजी स्नायूंत आणि हृदयात शिरतं, मांडीच्या हाडातला संसर्ग चित्रात फिका पडतो. रिपोर्टवर 'विशेष काही नाही' येतं आणि सगळे निर्धास्त होतात, हे जास्त वाईट.

म्हणून नुसतं 'एनपीओ' लिहू नका. 'डेक्स्ट्रोज नको, एनएस किंवा आरएल' (नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट, दोन्ही बिनसाखरेचे) असं लिहा, किती वाजल्यापासून तेही लिहा, आणि रात्रीच्या सिस्टरना तोंडी सांगा. 'फक्त सलाईन चालू आहे' या उत्तरावर थांबू नका. बाटली फिरवून लेबल वाचा. औषधं कशात मिसळतात तेही विचारा. व्हँकोमायसिन, मेरोपेनेम एनएसमध्ये चालतात. अँफोटेरिसिन बी एनएसमध्ये साका धरतं, ते डेक्स्ट्रोजमध्येच द्यावं लागतं, म्हणून त्याची वेळ स्कॅननंतरची ठेवा. टीपीएनमध्येही (शिरेतून दिलेलं पूर्ण पोषण) डेक्स्ट्रोजच. ओआरएस, तापाचं गोड सिरप, सुई टोचताना बाळाला चाटवलेलं साखरपाणी, सगळं त्यातच धरा. भूल द्यायची असेल तर 2 तास आधीपर्यंत सफरचंदाचा गाळलेला रस चालेल असं भूलतज्ज्ञ सांगतील. भुलेसाठी ते बरोबर आहे, या स्कॅनसाठी नाही. साधं पाणी द्या.

तान्ह्या बाळाला मात्र उगाच जास्त वेळ उपाशी ठेवू नका, पहिला नंबर मागून घ्या. ग्लुकोमीटरवर 200 च्या वर असेल तर थांबा. इन्सुलिन देऊन घाईने उतरवलं की एफडीजी पुन्हा स्नायूंतच जाणार. 60 च्या खाली असेल किंवा बाळ मलूल वाटलं तर सरळ डेक्स्ट्रोज द्या आणि स्कॅन पुढे ढकला. एफडीजीचं अर्धायुष्य 110 मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळात त्याची किरणोत्सारिता निम्मी होते, त्यामुळे डोस बाहेरगावाहून येत असेल तर तो वाया जाईल. जाऊ दे.

कॅन्युला (शिरेतली नळी) दुखऱ्या जागेपासून लांब, आणि आदल्या दिवशीच लावून, फ्लश करून ठेवा. औषध शिरेबाहेर गेलं तर काखेतली गाठ उगीच चमकते. इंजेक्शनच्या आधी बाटली परत बघा. हो, परत.

मुलाला अर्धा तास आधीपासून पांघरुणात ऊबदार ठेवा. एसीत कुडकुडलं की मानेभोवतीची तपकिरी चरबी (थंडीत साखर जाळून ऊब देणारी) चित्रात पेटते आणि तिथल्या गाठी वाचता येत नाहीत. इंजेक्शननंतर तासभर शांत पडू द्या. लाथा झाडल्या की मांड्या चमकतात.

फॉर्मवर 'डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत' असं ठळक लिहा. नाहीतर कॅन्सरच्या स्कॅनच्या सवयीने मांडीच्या मध्यावर स्कॅन थांबेल आणि नडगी, घोटा राहून जाईल. मुलांत हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या पट्ट्या मुळातच चमकतात आणि हाडाचा संसर्ग बहुधा त्यांच्या शेजारीच सुरू होतो, त्यामुळे दुसऱ्या पायाशी तुलना लागते. दोन्ही पाय सरळ, एकसारखे ठेवायला सांगा. मेंदू नेहमीच उजळ दिसतो. तिथला गळू शोधायचा असेल तर एमआरआय वेगळा करा. स्टेरॉइड, जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं औषध), अलीकडची लस, ऑपरेशन यांच्या तारखा फॉर्मवर हव्यात.

स्कॅनच्या तोंडावर लघवी करवा, डायपर बदला. झाल्यावर लगेच दूध किंवा जेवण, बंद केलेली ड्रिप चालू, राहिलेलं औषध द्या. काही तास गरोदर बाईने मुलाला कडेवर घेऊ नये. सीडी मागून घ्या, कागदावरचे फोटो पुरत नाहीत.