स्की पाठीवर, फॅट बाइक खाली : सराव मुंबईतच करा

मनालीजवळच्या सोलंगसारख्या ठिकाणी दाबलेल्या बर्फाच्या रस्त्यावरून फॅट बाइकने, म्हणजे खूप रुंद टायरच्या सायकलने, जाऊन पुढची चढण स्कीवर करायची असेल, तर स्की पाठीवर नेमकी कशी बांधावी हे तिथल्या थंडीत शोधत बसणे त्रासाचे ठरते.

त्याऐवजी स्कीच्या लांबीच्या, म्हणजे साधारण १७० सेंटिमीटरच्या, दोन बांबूच्या काठ्या घ्याव्यात आणि प्रत्येकीला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधावी.

१. काठ्या सॅकच्या दोन्ही बाजूंना उभ्या अडकवून वरची टोके पट्ट्याने एकत्र बांधावीत.
२. सीटवर बसून खालची टोके मागच्या चाकाला किंवा पोटऱ्यांना लागत नाहीत ना, हे पाहावे. लागत असतील तर दोन्ही काठ्या वर सरकवाव्यात.
३. ओहोटीच्या वेळी गोराईच्या किनाऱ्यावर टायरमधील हवा ५ ते ८ पीएसआयपर्यंत उतरवून कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालवावे. नेहमीचा हवामापक इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो, म्हणून कमी दाबाचा वेगळा मापक घ्यावा.

खरी गंमत उतरताना कळते : पाय सवयीने मागून टाकला की तो काठीत अडकतो, म्हणून सायकल कलती करून पाय पुढच्या दांड्यावरून काढण्याची सवय लावावी. पट्ट्यांच्या योग्य जागेवर मार्करने खूण करून ठेवावी.

घरी आल्यावर साखळी आणि डिस्क ब्रेक गोड्या पाण्याने त्याच दिवशी धुवावेत, मात्र साखळीला तेल देताना ते डिस्कवर उडू देऊ नये.