घरच्या घरी कोविड चाचणी: एका निगेटिव्हवर विसंबू नका

घरी करायच्या अँटिजेन चाचणीत (ती विषाणूचे अंश शोधते) रेघ उमटायला नाकात विषाणू भरपूर असावा लागतो, आणि आजाराच्या पहिल्या एक-दोन दिवसांत तो अनेकदा पुरेसा नसतो. त्यामुळे ताप-खोकला असून चाचणी निगेटिव्ह आली, तर ४८ तासांनी पुन्हा करा. लक्षणं नाहीत, फक्त संपर्क आलाय, तर ४८-४८ तासांनी एकूण तीनदा. म्हणजे माणशी दोन-तीन किटं हाताशी हवीत.

मे २०२१ मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पहिलं घरगुती किट मान्य केलं, ते पुण्याच्या मायलॅबचं कोव्हिसेल्फ. पुढची रीत त्याच पद्धतीच्या किटची. दुसरं किट असेल तर त्यातल्या चिठ्ठीप्रमाणेच थेंब आणि मिनिटं मोजा. उन्हात उभ्या गाडीत राहिलेलं किट वापरू नका, आणि पाकीट चाचणीच्या वेळीच फोडा. पावसाळी दमट हवेत पट्टी लवकर बिघडते.

हात धुवून कोरडे करा. किटमधली नळी हलके आपटून द्रव तळाशी आणा. स्वॅबच्या, म्हणजे नमुना घ्यायच्या काडीच्या, कापसाला बोट लागू देऊ नका. स्वॅब नाकपुडीत २ ते ४ सेंमी, अडेपर्यंत सरकवा आणि आतल्या भिंतीला घासत ५ वेळा फिरवा. मग तोच दुसऱ्या नाकपुडीत. बहुतेकांचं इथेच चुकतं: नाकाच्या तोंडाशी टोक टेकवतात आणि काढून घेतात. डोळ्यांत पाणी आलं, शिंक आली तरी चालेल. आता स्वॅब द्रवात बुडवा, नळी बाहेरून चिमटीत दाबून १० वेळा घुसळा, स्वॅबची काडी खुणेपाशी मोडा, नळीला झाकण लावा. सपाट टेबलावरच्या पट्टीत नळीतले दोन थेंब टाका आणि घड्याळ लावा.

निकाल १५ मिनिटांनी वाचा. २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. ‘सी’ची (कंट्रोल, म्हणजे पट्टी नीट चालल्याची) रेघ नसेल तर चाचणी बाद. ‘टी’ची (टेस्ट, म्हणजे विषाणू सापडल्याची) रेघ कितीही पुसट असली तरी पॉझिटिव्हच, उजेडात नेऊन निरखा.

प्रत्येक वेळी वहीत एक ओळ लिहा: “दिवस ३, सकाळी ८, ताप १००.४, ऑक्सिजन ९७, टी पुसट.” डॉक्टरांना ही वही फार उपयोगी पडते. ऑक्सिमीटर (बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र) लावण्याआधी नेलपेंट पुसा, गार बोटं चोळून घ्या, आकडा स्थिरावू द्या. तो ९४ च्या खाली गेला किंवा धाप लागली, तर चाचणी काहीही सांगो, लगेच दवाखाना गाठा.

हे किट फक्त कोविड ओळखतं. दोनदा निगेटिव्ह येऊनही ताप हटत नसेल तर फ्लू असू शकतो. तेव्हा आरटीपीसीआरचं, म्हणजे प्रयोगशाळेतल्या जास्त अचूक चाचणीचं, डॉक्टरांशी बोला. वापरलेलं सगळं किटमधल्या पिशवीत बांधून टाका. मोकळा स्वॅब कचरा वेचणाऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका.