बातमी कशात आहे ते आधी शोधा : कोकणात राहून गायक-वादकांची प्रसिद्धी करताना

रत्नागिरीत राहून स्वतंत्र गायक-वादकांच्या प्रसिद्धीचं काम करते म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे रील्स करता का?" करते, पण त्या सगळ्यात शेवटी. मी आधी तालुका वार्ताहर होते. आलेल्या प्रेसनोटांपैकी किती पुरत्या वाचल्याही जात नाहीत, हे त्या खुर्चीत बसल्यावर कळतं. आता ह्या कामात येऊ पाहणारी मुलंमुली भेटतात, तेव्हा सुरुवात मी तिथूनच करते.

"अमुक यांचं नवं गाणं रसिकांच्या भेटीला" ही बातमी होत नाही. रोज कोणाचं ना कोणाचं गाणं येतच असतं. गाण्याला चिकटलेली एखादी गोष्ट बातमी होते : गाव, माणूस, प्रसंग, वाद, वेळ. एका मालवणी रॅपरचं गाणं मुंबई-गोवा महामार्गावर होतं. त्याला ते मे महिन्यात आणायचं होतं, चाकरमानी सुट्टीला आलेले असतात म्हणून. मी म्हटलं, थांब. 2011 पासून चाललेल्या ह्या चौपदरीकरणावर वर्तमानपत्रं बारमाही लिहितात, पण गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत त्यांना रोज काहीतरी लागतंच. खड्ड्यांची पाहणी, मंत्र्यांचा दौरा, नवी मुदत, पर्यायी मार्ग, सगळं ठरलेलं. त्यात कणकवलीच्या पोराचं गाणं म्हणजे वार्ताहराला आयतं काहीतरी वेगळं. मनोरंजनाच्या पानाला मी ते पाठवलंच नाही, रस्त्याच्या बातम्या करणाऱ्यांना पाठवलं. जिल्हा पानावर चौकट आली, आणि नंतर एका वाहिनीने महामार्गाच्या बातमीत त्यातल्या ओळी वापरल्या. नवखी माणसं संगीतावर लिहिणाऱ्या पत्रकारांची यादी करत बसतात. मराठीत नुसतं स्वतंत्र संगीतावर लिहिणारे आहेत तरी किती?

प्रेसनोट युनिकोडमध्ये टाइप केलेली हवी, आणि व्हॉट्सॲपवर किंवा मेलमध्ये साधा मजकूर म्हणूनच पाठवायची. पीडीएफ नको, छापलेल्या कागदाचा फोटो तर नकोच, कारण तो मजकूर तिथे कोणीतरी पुन्हा टाइप करणार आणि कंटाळला तर टाकून देणार. पहिल्या दोन ओळींत कोण, कुठल्या गावचं, काय आणि कधी. तालुक्याचं नाव विसरू नका, त्यावरच बातमी कुठल्या पानावर बसणार ते ठरतं. फोटो आडवा आणि मूळ आकाराचा, खाली डावीकडून नावं. काळा चष्मा आणि धुराची नळकांडी असलेला पोस्टर वर्तमानपत्राच्या काही कामाचा नाही. संध्याकाळी उशिरा पाठवलेली नोट दुसऱ्या दिवसावर जाते आणि दुसऱ्या दिवशी ती शिळी असते. वार्ताहर जाहिरातीचं विचारेल. त्यात रागावण्यासारखं काही नाही, तालुक्याच्या पत्रकाराचं बरंचसं पोट जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. द्यायची असेल तर द्या, नसेल तर गोडीत नाही म्हणा. मात्र जाहिरात म्हणजे बातमी, असं कलाकाराला कधी सांगू नका.

तारखेचं गणित इथे वेगळं आहे. ऐकणारा निम्मा गावात, निम्मा भांडुप-नालासोपाऱ्यात. गणपतीचं गाणं चतुर्थीच्या आदल्या दिवशी टाकलं, तर ऐकणारा तुतारी एक्स्प्रेसच्या गर्दीत उभा असतो, आणि वाडीत पोचल्यावर रेंज मिळेलच असं नाही. मी अशी गाणी श्रावणातच आणते. मुंबईतली मंडळं तेव्हा तयारीला लागलेली असतात. शिमग्याचं तसंच. आंगणेवाडीच्या जत्रेवर मात्र वर्षभर आधी काही बेतता येत नाही, तारीख देवीच्या कौलाने ठरते. तिथे गाणं तयार ठेवायचं आणि तारीख जाहीर झाली की धावायचं.

स्पॉटिफायवर गाणं थेट चढवता येत नाही, डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत जावं लागतं. स्पॉटिफायच्या संपादकांच्या प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं ते प्रकाशित होण्याआधीच. निदान सात दिवस आधी सुचवलं तर फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या यादीत ते येतं. सात दिवस ही कमीत कमी मुदत झाली, मी तीन-चार आठवडे हातात ठेवते. कलाकाराचं नाव इंग्रजी अक्षरांत सगळीकडे एकाच स्पेलिंगने लिहायचं, नाहीतर एकाच माणसाची दोन प्रोफाइलं तयार होतात आणि ती जोडत बसावं लागतं. हे कंटाळवाणं काम प्रसिद्धीवाल्याच्याच गळ्यात पडतं.

कोकणातला खरा गुंता चालींचा आहे. डबलबारीतले (दोन भजनी बुवांच्या सामन्यातले) बुवा आणि शक्तीतुऱ्याचे (सवाल-जवाबाच्या लोककलेचे) शाहीर सिनेमाच्या चालीवर सर्रास गाणी बांधतात, आणि समोरची मंडळी चाल ओळखून खूश होतात. प्रत्यक्ष बारीत ते खपून जातं. तोच व्हिडिओ यूट्यूबवर गेला की कंटेंट आयडी ही यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा चाल पकडू शकते, आणि जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे वळतात. क्लेम आणि स्ट्राइक ह्यात फरक आहे, हे बुवांना आधीच समजावून ठेवा. क्लेममध्ये बहुतेक वेळा फक्त पैसे जातात. स्ट्राइक म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओच काढला जातो, आणि असे तीन स्ट्राइक 90 दिवसांत आले तर चॅनलच बंद होऊ शकतं. मी एकच विचारते : ह्यातली स्वतःची चाल कुठली? असते, प्रत्येकाकडे असते. प्रसिद्धी त्या गाण्याची करायची. शब्द आणि चाल ज्यांची असेल त्यांना आयपीआरएस ह्या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं सभासद व्हायला सांगायचं, गाणाऱ्यांसाठी तशीच इसाम्रा (आधीची इसरा) आहे. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला, पण नोंदच नसेल तर पैसे पाठवणार कोणाला? शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि वाटा किती, हे स्टुडिओतून बाहेर पडायच्या आत कागदावर घ्या. गाणं चाललं की भावाभावांतसुद्धा आठवणी बदलतात.

आकाशवाणीला नवी पोरं नाक मुरडतात. मी प्रत्येकाला रत्नागिरी केंद्राच्या स्वरचाचणीची चौकशी करायला लावते. बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. पहिल्या खेपेला बी मिळाली तरी "आकाशवाणीचे मान्यताप्राप्त कलाकार" एवढी ओळ परिचयात आली, की गावच्या मंडळाशी मानधनाचं बोलणं सोपं होतं. लाखभर व्ह्यूज त्या बैठकीत कोणी विचारत नाही.

व्ह्यूज विकणारे तुम्हाला शोधत येतील, प्लेलिस्टमध्ये पैसे घेऊन घुसवणारेही येतील. नाही म्हणा. खोटे स्ट्रीम्स सापडले तर स्पॉटिफाय ते मोजत नाही, आणि 2024 पासून ठळक प्रकरणांत डिस्ट्रिब्युटरकडून गाण्यामागे दंड घेतं. तो शेवटी कलाकारावरच येऊ शकतो. गेल्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम्स झाले नसतील तर त्या गाण्याला तिथे रॉयल्टी मिळत नाही, हेही आधी सांगून टाका.

पैशांचं बोलणं पहिल्याच भेटीत करायचं. मी एका गाण्याचं काम घेते, महिन्याच्या पगारावर नाही, आणि निम्मी रक्कम आगाऊ. कागदावर लिहिते ते मी काय करणार एवढंच : किती ठिकाणी नोट जाणार, कोणाशी बोलणार, कधीपर्यंत. छापून येईल असं लिहीत नाही. तसं लिहून द्या म्हणणारे बरेच येतात, विशेषतः ज्यांचं गाणं वडिलांच्या पैशांनी झालंय ते. त्यांना मी जाहिरात विभागाचा नंबर देते.