पर्यावरणाची ओळख असलेला नवा नेता निवडणुकीत किती चालेल? अंदाज कसा बांधायचा

पर्यावरणाचं काम केलेला माणूस पक्षाचा नेता झाला की पहिल्या आठवड्यात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, आता तरुण मतदार खेचले जाणार. दुसरा म्हणतो, झाडं कुठे मत द्यायला येतात? दोन्ही सोडा, वही काढा. सरावासाठी कॅनडाच्या लिबरल पक्षाचे स्टेफान डिऑन घेऊ. २००४ ते २००६ पर्यावरणमंत्री, २००५ च्या माँट्रियल हवामान परिषदेचे अध्यक्ष, घरच्या कुत्र्याचं नावसुद्धा क्योटो, हवामान करारावरून. यापेक्षा हिरवी ओळख सापडणं कठीण.

पहिली नोंद नेतानिवडीच्या फेऱ्यांची. मागे पडलेले उमेदवार बाद होत जातात आणि कुणाला निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत फेऱ्या चालतात. शेवटची फेरी बघून भुलू नका, पहिली बघा. डिसेंबर २००६ मध्ये चौथ्या फेरीत डिऑन यांना ५४.७ टक्के प्रतिनिधींनी मतं दिली, पण पहिल्या फेरीत ते १७.८ टक्क्यांवर, तिसऱ्या क्रमांकावर होते. बाकीची मतं बाद झालेल्या उमेदवारांकडून, मुख्यतः जेरार्ड केनेडी आणि बॉब रे यांच्याकडून आली. पहिल्या फेरीत पाचपैकी एकही मत धड नसेल, तर नेता सगळ्यांना चालतो, पण हक्काचा फार थोड्यांना वाटतो असं समजा. अडचणीच्या दिवसांत हा फरक फार महागात पडतो.

दुसरी नोंद कारभाराची. भाषणं नकोत, हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा आकडा लिहा. क्योटो करारात कॅनडाने १९९० पेक्षा ६ टक्के कमी उत्सर्जनाचा शब्द दिला होता. लिबरल सत्तेत असताना ते वाढतच गेलं. नेतानिवडीच्या पक्षांतर्गत वादसभेत प्रतिस्पर्धी मायकल इग्नॅटिएफ यांनी नेमकं हेच बोट ठेवलं. तेव्हाचं डिऑन यांचं चिडलेलं उत्तर तेव्हा सत्तेत असलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने उचललं आणि २००७ च्या सुरुवातीला, निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी, 'हा नेता नाही' अशी जाहिरात टीव्हीवर सोडली. खर्चमर्यादा प्रचारकाळापुरतीच होती. म्हणून वहीत लिहा: विरोधकाच्या तिजोरीत किती, आपल्या किती, आणि नव्या नेत्याची ओळख आधी कोण करून देणार? पहिले दोन-तीन महिने गेले की ती पुसणं अवघड.

तिसरी पायरी जनमत चाचणी वाचण्याची. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. 'देशापुढचा सर्वांत मोठा प्रश्न कोणता?' याला २००७ च्या सुरुवातीला कॅनडात पर्यावरण हे उत्तर वर आलं होतं. पण हा प्रश्न मताचा नाही, मनःस्थितीचा आहे. दीड वर्षाने, सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि यादीत अर्थव्यवस्था वर गेली. चाचणीतून दोन वेगळे आकडे काढा: किती जणांना प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि त्यांपैकी किती जण त्यासाठी पक्ष बदलतील. दुसरा आकडा छापलेला नसेल तर पहिला अंदाजात धरूच नका.

आता घरखर्च, म्हणजे खरी परीक्षा. जून २००८ मध्ये डिऑन यांनी कार्बन कराची, म्हणजे इंधन जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरच्या कराची योजना मांडली: टनाला १० डॉलरपासून सुरू, चौथ्या वर्षी ४०, जमलेला पैसा आयकर कमी करून परत. पंपावरचं पेट्रोल वगळलं होतं. घर तापवणाऱ्या नैसर्गिक वायूचा हिशोब करा. एक गिगाज्यूल (ऊर्जेचं एकक) इतका वायू जाळला की साधारण ५० किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाला १०० गिगाज्यूल लागणाऱ्या घरातून ५ टन, म्हणजे पहिल्या वर्षी ५० डॉलर, चौथ्या वर्षी २००. उलट बाजूला सर्वांत खालचा करदर १५ वरून १३.५ टक्के, वजावटी जाऊन २०,००० डॉलरवर कर लागत असेल तर ३०० डॉलर वाचतात. डिझेल महागल्याने किराण्यात पडणारी भर वेगळी धरा. कागदावर बऱ्याच घरांचा तोटा नव्हता. पण वाढ दर महिन्याच्या बिलात डोळ्यांना टोचते आणि सवलत पगाराच्या कपातीत मुरून जाते. शिवाय त्याच उन्हाळ्यात तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत पोचलेलं. योजना एका श्वासात सांगता येते का, हे शेजाऱ्याला सांगून बघा. 'कर लावू, मग दुसरा कमी करू' इथे 'मग' येईपर्यंत ऐकणारा उठून गेलेला असतो.

शेवटी मतदारसंघ. कॅनडात आपल्यासारखीच पद्धत, सर्वाधिक मतं त्याला जागा, त्यामुळे देशभराची टक्केवारी फसवते. प्रत्येक मतदारसंघासाठी चार रकाने आखा: मागचं मताधिक्य, तिसऱ्या-चौथ्या पक्षाची मतं, मतदानाची टक्केवारी, उमेदवार. मताधिक्य ५ टक्क्यांच्या आत असेल तिथे लाल खूण. मग मतदान घटलं तर काय, ते वेगळं मांडा. हा रकाना लोक हमखास विसरतात.

डिऑन यांनी लढवलेल्या १४ ऑक्टोबर २००८ च्या राष्ट्रीय निवडणुकीचा निकाल याच रकान्यात कळतो. मतदान २००६ च्या ६४.७ वरून ५८.८ टक्क्यांवर. लिबरल पक्षाची सुमारे साडेआठ लाख मतं गेली, जागा १०३ वरून ७७. पण कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचीही दीड लाखाहून जास्त मतं घटली आणि तरी जागा १२४ वरून १४३ झाल्या! डावीकडच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचीही मतं थोडी कमीच झाली. म्हणजे लिबरल मतदारांचा मोठा गट दुसरीकडे न जाता घरीच बसला असावा. आणि गंमत म्हणजे, इतका हिरवा नेता समोर असताना ग्रीन पक्षाची मतं पावणेतीन लाखांनी वाढली. जागा मात्र शून्य.

यावरून पर्यावरण म्हणजे पराभव, असा शेरा मारायची घाई नको. कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सरकारचे प्रमुख गॉर्डन कॅम्पबेल यांनी १ जुलै २००८ ला तसाच १० डॉलरचा कर लावला आणि मे २००९ ची निवडणूक जिंकली. फरक शोधताना त्यांच्या रकान्यात 'आधीपासून सत्तेत' आणि 'कर लागू होऊन दहा महिने झालेले' हे दोन शब्दप्रयोग ठळक लिहा. डिऑन यांच्याकडे दोन्ही नव्हते.